ज्याच्या हाती दांडा

सोमवार, ५ जानेवारी

आलो बाबा एकदाचे. टेम्पोतून सामान उतरलं, एक कपसुद्धा फुटला नाही, आणि सांगितल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी आम्ही दारात उभे होतो. मी हिला घड्याळ दाखवून तसं म्हटलं, तर हिनं मलाच कोपरापासून हात जोडले. जोडू दे. बस आगारात अकरा वर्षं मी वेळापत्रकं आखली आणि चालक त्या कागदांचे पंखे करून वारा घेत बसायचे. पाच गाड्या एकदम दाराशी, मग तासभर एकही नाही, आणि लोकांच्या शिव्या मला. अशा माणसाला काचकारखान्याच्या कॉलनीत टाइमकीपरची नोकरी मिळावी, म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

घर छान आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खिडकीतून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा सरळ रस्ता दिसतो आणि मान वर केली की छतावरची माझी केबिन. चारशे घरं, सगळी एका मापाची. वाळत घातलेले कपडेसुद्धा सगळीकडे सारखे, शर्ट दोरीच्या एका टोकाला, चादरी दुसऱ्या. मी खूश झालो. ही म्हणाली, हे बघून अंगाला खाज सुटते. हिचं असंच. कपाटाचे खण उघडे टाकणार, केसांतल्या पिना साखरेच्या डब्यात, भूक लागेल तेव्हा खाणार, आणि दिवसभर धड चाल नसलेलं काहीतरी गुणगुणणार. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं मी म्हणतो. नळीच वाकडी होते, असं ती म्हणते. नऊ वर्षं हेच चाललंय.

खरं कारण लिहून ठेवतो. हिला आठवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. डॉक्टरांनी बजावलंय, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, दगदग नको. असं आयुष्य मिळेल अशी एकच जागा मला दिसली, ती ही. तारीख सोळा फेब्रुवारी दिली आहे. यावेळी काही चुकू द्यायचं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

काम शिकून झालं. शिकण्यासारखं फार नाही. केबिनला चारी बाजूंनी काच, खालचं कारखान्याचं छतही काचेचं, आणि मधोमध वरून खाली आलेला पितळी मुठीचा दांडा. खाली ओढला की भोंगा वाजतो, सोडला की थांबतो. दिवसाचे नऊ भोंगे: उठणे, आंघोळ, कामाला लागणे, जेवायला बसणे, जेवून उठणे, पुन्हा काम, काम सुटणे, रात्रीचं जेवण, झोप. प्रत्येकाची लांबी वेगळी. दिला की रजिस्टरात नोंद करायची. दहावा क्रमांकही छापलेला आहे, पण त्याच्यापुढे काम लिहिलेलं नाही, नुसतं ‘साहेबांच्या हुकमाने’. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. गोड माणूस, हळू बोलतो.

जुन्या टाइमकीपरना सगळे नाना म्हणतात. तीस वर्षं हा दांडा ओढून त्यांचा उजवा खांदा खाली आलाय. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. उशीर करू नका, आणि जास्तीचा देऊ नका. मी म्हटलं, जास्तीचा कशाला देईन? नाना म्हणाले की पहिल्या दिवशी तेही हेच म्हणाले होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. काम सुटल्याचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली होती, रात्रीच्या जेवणाला अजून वेळ होता. निरोपाचा हार टेबलावर तसाच ठेवून ते निघाले आणि कॉलनीच्या फाटकातून जवळजवळ पळतच बाहेर गेले. सत्तरीचा माणूस, त्या वयात असं पळतात का?

बुधवार, १४ जानेवारी

हे बघायला माणसानं पैसे द्यावेत. साडेबाराला मी दांडा ओढतो आणि चारशे घरांत, कारखान्याच्या जेवणघरात, शाळेत, एकाच वेळी लोक पानावर बसतात. एक मागे नाही, एक पुढे नाही. एकला पुन्हा ओढतो, सगळे उठतात. आगारातल्या त्या चालकांना एकदा इथे आणून उभं करावंसं वाटतं.

शेजारीण सांगत होती की तिचं तान्हं रात्री किरकिर करत नाही, भोंगा झाला की झोपलं. हिनं विचारलं, आणि आजारी असलं तर? शेजारणीला प्रश्नच कळला नाही. तिनं पुन्हा तेच सांगितलं, भोंगा झाला की झोपतं.

आमच्या हिच्यावर मात्र काही परिणाम नाही. काल दुपारी झोपून होती, चारला उठून बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त केला, आणि मी रागावलो तर म्हणाली की आतल्याला भूक लागली होती, त्यानं काय तुमच्या भोंग्याची वाट बघायची? हसू आलं मला. पण वजन वाढत नाहीये. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आज तोंड वाकडं केलं.

सोमवार, १९ जानेवारी

आज चूक झाली. पायातल्या बुटाचा खिळा वर आला होता, तो ठोकत बसलो, आणि ‘जेवून उठणे’ द्यायला चार मिनिटं उशीर झाला. टाइमकीपर म्हणून ही शरमेची गोष्ट आहे आणि मी ती रजिस्टरात लिहिली.

पण जे बघितलं ते रजिस्टरात लिहिलं नाही. केबिनमधून जेवणघर सरळ खाली दिसतं. ताटं रिकामी झालेली होती. तरी कुणी उठलं नाही. दीडशे माणसं रिकाम्या ताटात हात घालत होती, तोंडाकडे नेत होती, चावत होती, गिळत होती. एकाच्या बोटातून रक्त येत होतं. बोलत कुणीच नव्हतं. मी दांडा ओढला आणि ती उठली, हात धुतले, हसत-खिदळत कामाला गेली.

सवय झालेली असते माणसांना. तीस वर्षांची सवय. दुसरं काय असणार? हिला सांगितलं नाही, या दिवसांत तिला असलं काही ऐकवायला नको.

रविवार, २५ जानेवारी

पहिली सुटी. आज दांडा साहेबांनी स्वतः ओढला. मी न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. अर्धी दाढी झाली आणि साडेबाराचा भोंगा झाला.

त्यानंतर मला आठवतंय ते एवढंच, की मी घरी पानावर बसलेलो आहे. न्हाव्याचं फडकं गळ्यात, अर्ध्या तोंडाला फेस. मी जेवत होतो. थांबावंसं वाटत होतं, निदान फेस तरी पुसावासा वाटत होता, पण हात फक्त पान आणि तोंड, पान आणि तोंड. फेसासकट जेवलो मी. साबणाची चव अजून घशात आहे. समोर ही बसली होती. माझ्याकडे बघून एरवी ती पोट धरून हसली असती. तिनं मान वर केली नाही. खाली बघून घास घेत होती, अगदी वेळेवर.

एकचा भोंगा झाला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, डोळा लागला होता आपला.

संध्याकाळपर्यंत विचार केला. पंधरा दिवस मी ओढतोय, मला कधी काही झालं नाही. ओढणाऱ्याला भोंगा लागत नाही, एवढं सरळ आहे. लगेच साहेबांकडे जाऊन सांगून आलो की मला सुटी नको, रविवारचीही नको. साहेब हसले. म्हणाले की सगळे टाइमकीपर महिन्याभरात हे सांगायला येतात.

सोमवार, २ फेब्रुवारी

हिच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. नर्सबाई खूश आहेत. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, कपाटाचे खण बंद असतात. पोटातलंही शिस्तीचं आहे. झोपेचा भोंगा झाला की लाथा बंद, उठण्याच्या भोंग्याला सुरू. मी हात ठेवून स्वतः बघितलं. हेच हवं होतं ना मला? हेच हवं होतं. घर जरा गप्प वाटतं, एवढंच.

आज भट्टीजवळ दोघांचं जुंपलं. काच फुंकायची लोखंडी नळी एकानं दुसऱ्याच्या डोक्यावर उगारली. मी वरून बघत होतो. ओरडून उपयोग नव्हता. हात आपोआप दांड्याकडे गेला आणि मी ‘जेवायला बसणे’ दिला. दोघेही जिथे होते तिथे मांडी घालून बसले आणि हवेतले घास खायला लागले. मग ‘काम’ दिला. उठले, कामाला लागले. एक डोकं वाचलं.

साहेबांनी बोलावून चहा पाजला. जास्तीच्या भोंग्याबद्दल बोलतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, नानांच्यात ही समज नव्हती. चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार चांगलं वाटलं. चारशे घरं, दोन हजार माणसं, आणि एक दांडा माझ्या मुठीत. आगारात मला पाणी कुणी विचारत नव्हतं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

या आठवड्यात अकरा वेळा जास्तीचा दिला. आधी कारण असायचं. दुकानापुढे रांग मोडली म्हणून. शाळेतली पोरं कालवा करत होती म्हणून. परवा कारण नव्हतं. नुसतं बघायचं होतं.

आज दुपारी ही दमलेली दिसली, खिडकीत उभी होती. तिला पडू द्यावं म्हणून तीनला ‘झोप’ दिला. ती आत गेली, आडवी झाली. मला बरं वाटलं. मग खाली बघितलं. भट्टीवरचे सगळे जिथल्या तिथे झोपले होते. एकाचा हात वितळलेल्या काचेच्या भट्टीच्या तोंडाशी पडला होता. धूर येत होता. मी ‘उठणे’ दिला. तेव्हा तो ओरडला. तोपर्यंत ओरडला नाही, कारण झोपेचा भोंगा झाला होता.

कोपरापासून हात गेला त्याचा. मला रडू आलं. पुन्हा जास्तीचा देणार नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे बांधील राहीन.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दिला.

ही आईकडे जाते म्हणाली. बाळंतपण तिकडेच करायचं. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? म्हणाली, इथे मी मला सापडत नाही. शेजारणीकडून निरोप धाडून तिनं टॅक्सीही ठरवली होती, काम सुटल्यावर, साडेपाचची. तिला कळलं होतं की पाच ते आठ एवढाच काय तो वेळ आपला असतो.

मी केबिनमध्ये बसून बघत होतो. ती बॅग घेऊन दारात आली. वाकून चपला घालत होती, पोटामुळे तिला जमत नव्हतं. जाऊन मदत करावी असं मनात आलं. रस्त्यात धक्के लागतील, पुन्हा तेच होईल, दोनदा झालंय, असंही आलं. आणि आणखी एक आलं, ते लिहितो. ही गेली तर माझं न ऐकणारं एक माणूस जगात मोकळं फिरेल.

‘कामाला लागणे’ दिला. तिनं बॅग खाली ठेवली, आत गेली, झाडू घेतला. टॅक्सीवाला टॅक्सी पुसायला लागला, फडकं फाटेपर्यंत पुसत होता. आठला जेवणाचा देईपर्यंत मी कुणालाच सोडलं नाही.

ती माझ्याशी बोलली नाही. तिला कळलंय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

काल तारीख होती. काही नाही. एक कळ नाही. नर्सबाईंनी ठोके मोजले, एकशे चाळीस. छान म्हणाल्या. मी विचारलं, मग कधी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फाटकावर उभा राहून फाटक कुठे म्हणतोय. म्हणाल्या, भोंगा झाल्यावर. इथे मूल भोंग्याशिवाय कसं येईल?

दहावा. दहावा भोंगा तो आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

साहेबांकडे गेलो. हात जोडले. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं. जूनच्या शेवटी, म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा साडेतेरा महिने होतील. ते म्हणाले की घाई आजवर कुणालाच मानवलेली नाही, तोवर वाढत्या माणसाला घर रिकामं नाही, आणि सगळं ओळीनं झालेलं बरं.

मग हळूच म्हणाले, बाकीचे जास्तीचे देता ते मी चालवून घेतो. हा दिलात तर दांडा दुसऱ्याकडे.

ठोके एकशे वीस.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज संध्याकाळी ही केबिनमध्ये आली. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, या अवस्थेत. खुर्ची दिली. बराच वेळ दांड्याकडे बघत होती. मग बारा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“ओढणाऱ्याला लागत नाही ना? मग एकदा मला ओढू द्या. कुठलाही. एकदाच.”

मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या हातात दांडा देता येत नाही, तसा नियम आहे. तिनं मूठ धरायला हात पुढे केला आणि मी — मी तिचा हात झटकला. जोरात लागला तिला.

नियमच आहे तसा. उद्या प्रत्येक जण म्हणेल मला द्या. मग काय उरेल?

ती कठड्याला धरून उतरली. मी वर बसून राहिलो, आठला अजून वेळ होता तरी.

रविवार, १ मार्च

शंभर. लाथा नाहीत. नुसती जराशी कूस बदलल्यासारखी हालचाल, तीही ‘उठणे’ला.

मी दहावा देऊ शकतो. हात वर केला की झालं. आज दोनदा धरला दांडा. पण मग सकाळी उठेन तो दुसऱ्याच्या भोंग्यावर. तो फेस — ती साबणाची चव —

आणखी दोन दिवस बघू. साहेब ऐकतील.

बुधवार, ४ मार्च

चौऱ्याऐंशी.

साहेब भेटले नाहीत. चिठ्ठी ठेवली.

ही भिंतीकडे तोंड करून बसते. मी हाक मारली तर वळत नाही. भोंग्याला मात्र वळते. मला वाटतं की तिला —

उद्या देतो. उद्या नक्की.

शुक्रवार, ६ मार्च

संध्याकाळचे सव्वापाच. काल दिला नाही. आज सकाळी सत्तर होते. नर्सबाई म्हणाल्या, साठाच्या खाली आम्ही मोजत नाही.

आंघोळ करून बाहेर आलो. ही घरात नाही. केबिनची किल्ली खुंटीवर नाही.

खिडकीतून दिसतंय. वर कुणीतरी आहे. काचेला टेकून उभी आहे, दम खातेय. मला जायला हवं. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. पळालो तर

भोंगा. कामाला लागणे.

बसलो. माझं काम दांडा आणि नोंद. दांडा नाही, म्हणून नोंद. ५ वाजून १९ मिनिटे, कामाला लागणे, क्रमाबाहेर, ओढणाऱ्याचं नाव — माझी बायको. रजिस्टर वर आहे, म्हणून या वहीत लिहितोय. पेन खाली ठेवता येत नाही. डाव्या हातानं उजवा धरून बघितला. नाही.

रस्त्यानं सगळे धावत कारखान्याकडे चाललेत. चपला न घालता. नर्सबाई धावताहेत. साहेबही, शर्टाची बटणं उघडी, साहेबही धावताहेत. म्हणजे त्यांनाही. म्हणजे दुसरा भोंगा द्यायला आता कुणीच

ती खाली आली. रस्त्यानं येतेय, गर्दीच्या उलट. एक हात कमरेवर. दर चार पावलांनी थांबते, वाकते, पुन्हा चालते. दुसऱ्या हातात दांडा. उपटून आणलाय. वर आता ओढायला काही नाही.

खिडकीशी थांबली. कपाळावर घाम. कळा सुरू झाल्यात. ओढल्याबरोबर सुरू झाल्या असणार. तिला लागलाच नाही ना भोंगा, तिला नाही आणि आतल्यालाही नाही. एवढंच करायचं होतं. एकदा तिच्या हातात द्यायचा होता, कुठलाही भोंगा, एकदाच. मला दिसत होतं. मला त्या दिवशीच दिसलं होतं.

मला तिला हाक मारायची आहे. तोंड उघडत नाही, हे काम नाही. मी फक्त लिहू शकतो. मी वही तिच्याकडे वळवली, वाच, हे वाच, मी

तिनं वाचलं. सावकाश, खालपर्यंत.

“तुमचं काम चालू द्या,” म्हणाली.

गेली. कॉलनीच्या फाटकापाशी पोचली. वाकली. पुन्हा उभी राहिली. फाटकाबाहेर गेली. दिसत नाही आता. ५ वाजून ४१. भट्ट्या पेटलेल्या. आठ वाजून गेले. जेवण नाही. भट्ट्या पेटलेल्या. उजाडलं. बोटांची सालं निघाली, पेन निसरडं झालंय. कारखान्यातून आवाज येतोय, फुटलेल्या काचांचा, आणि त्यावरून चालणाऱ्या पावलांचा, कुणीच ओरडत नाही. ९ वाजून ५. कामाला लागणे चालू. १२ वाजून ३०. चालू. वहीची पानं संपत आली, आता आडव्या ओळींवर उभ्या लिहितोय. शाई पुसट झाली. नुसती टोकं उमटताहेत. वही संपली की टेबल आहे. टेबलानंतर भिंत. भिंतीनंतर